फ्रंटवरच्या सैनिकांचा नाताळ कसा असतो?

सातपुड्याची_लेक
नमस्कार मंडळी. आम्ही नवापूर तालुक्यातले, घरात पणजोबांपासून नाताळ. धाकटा भाऊ फौजेत आहे, सध्या उंचावरच्या एका पोस्टवर. कुठली ते इथे लिहिणार नाही आणि कृपया कुणी विचारूही नका. या वर्षी त्याला सुट्टी नाही. आमच्याकडे २४ च्या रात्री चर्च, मग पहाटेपर्यंत घरोघरी गाणी, ढोल, २५ ला सगळ्या फळीचं (वस्तीचं) एकत्र जेवण, त्यामुळे आई रोज विचारते की तिथे तो काय करत असेल, चर्च नाही पास्टर नाही माणसं नाहीत, आणि मला काय सांगावं कळत नाही. नेटवर शोधलं की पहिल्या महायुद्धात शत्रू सैनिक नाताळला एकत्र खेळले म्हणतात तो १९१४ चा फुटबॉलच पुढे येतो.

तर विचारायचं हे की लढाईच्या काळात सैनिक नाताळ करतात तरी कसा? आधीच्या युद्धांत काय व्हायचं, आपल्या फौजेत काय असतं? आणि पार्सल पाठवायचं तर काय टिकेल तेही सांगा.

जिभाऊ_शिरपूर
ताई, पहिले तर तुमना भाऊले आमना सलाम. माहिती देनारा येतीनच, मी बठीसन वाचस.

अमळनेरचा_मास्तर
१९१४ पासूनच सुरू करतो, कारण ती गोष्ट खरी आहे पण सांगताना तिचा पार सिनेमा करून टाकलाय लोकांनी.

पहिलं महायुद्ध जुलैअखेर सुरू झालं तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं नाताळपर्यंत घरी जाऊ. डिसेंबर उजाडला तेव्हा बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समध्ये दोन्हीकडचे लोक खंदकात, गुडघाभर चिखलात. काही ठिकाणी समोरचा खंदक इतका जवळ की खोकला ऐकू यावा. नवे पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी नाताळपुरती तरी युद्धबंदी करा असं आवाहन केलं होतं, सरकारांनी ऐकलं नाही. पण २४ ला कडक थंडी पडली, चिखल गोठून टणक झाला, आणि जर्मनांनी खंदकाच्या कडेला छोटी ख्रिसमस झाडं मेणबत्त्या लावून ठेवली आणि गायला सुरुवात केली. समोरून ब्रिटिशांनी गाऊन उत्तर दिलं. सकाळी एकेक जण हात वर करून मधल्या जमिनीत आले. सिगारेटी, बटणं, डबाबंद मटण, जे असेल ते अदलाबदल केलं.

आता फुटबॉल. चेंडू लाथाडल्याचे उल्लेख पत्रांत आहेत, पण अकरा विरुद्ध अकरा, रेफरी वगैरे असा रीतसर सामना झाला का यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. माझ्या मते त्या दिवशीचं मोठं काम वेगळंच होतं. दोन्ही खंदकांच्या मध्ये आठवडे आठवडे पडलेली प्रेतं त्यांनी उचलली आणि पुरली. एका ठिकाणी गॉर्डन हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण आणि जर्मन दोघांनी मिळून दफन केलं, बायबलातलं तेविसावं स्तोत्र आधी इंग्रजीत म्हटलं, मग जर्मनमध्ये. शाळेत मी फुटबॉल सांगत नाही, हे सांगतो.

रोखठोक_चाळीसगाव
मास्तर मान्य, पण दुसऱ्या दिवशी परत गोळ्या घातल्याच ना एकमेकांना? मग त्या गाण्यांचा उपयोग काय झाला. मला हे सगळं भावुक करून विकलेलं वाटतं. शिवाय सगळीकडे झालंच नव्हतं, त्याच दिवशी काही सेक्टरमध्ये माणसं मेलीच.

अमळनेरचा_मास्तर
@रोखठोक, सगळीकडे झालं नव्हतं हे अगदी खरं, फ्रेंच आणि बेल्जियन लोकांची तर स्वतःची जमीन जर्मनांच्या ताब्यात होती, त्यांचं मन कसं होणार. तरी काही जागी त्यांच्याकडेही झालं. पण उपयोग काय म्हणाल तर वरचे साहेब लोक किती घाबरले ते बघा. पुढच्या वर्षी, १९१५ ला, आधीच सक्त हुकूम निघाले की असला प्रकार चालणार नाही. तरी स्कॉट्स गार्ड्सच्या एका कॅप्टनने प्रेतं पुरायला थोडा वेळ दिला, आणि नंतर त्याचं कोर्ट मार्शल झालं. ज्याचा काही उपयोग नाही त्यावर कुणी कोर्ट मार्शल करत नाही.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. १९१४ च्या त्या नाताळला खंदकात फक्त गोरे नव्हते. लाहोर आणि मेरठ या दोन हिंदी डिव्हिजन ऑक्टोबरपासून तिथे होत्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जिव्हांशी–फेस्त्युबेरच्या बाजूला त्यांच्यावर जबर हल्ला झाला आणि लगेच नाताळ. ३९ गढवाल रायफल्सचे जवान त्या दिवशी जर्मनांना मधल्या जमिनीत भेटले. गढवालच्या डोंगरातला पोरगा, त्याचा तो सणही नाही, समोरच्याची भाषाही नाही, आणि फ्रान्सच्या थंडीत तो जर्मनाच्या हातून सिगारेट घेतोय. हे आपल्या पुस्तकांत यायला पाहिजे होतं.

केळीबाग_रावेर
गढवालींचं माहीत नव्हतं. धन्यवाद सर.

सुभेदार_आप्पा
ताईंच्या आईसाठी लिहितोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या फौजेत सण युनिटचा असतो, एकट्यादुकट्याचा नसतो. दिवाळी, ईद, गुरुपुरब, नाताळ, जी पोरं युनिटमध्ये असतील त्यांचे सगळे सण होतात. सर्वधर्म स्थळ असतं, एकाच छताखाली. सीओ साहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख, हिंदू असो का शीख, नाताळला तिथे उभे राहतात आणि सुट्टीवर नसलेले सगळे येतात. ज्या पलटणीत ख्रिस्ती जवान जास्त असतात तिथे धर्मशिक्षक म्हणून पादरी साहेबही असतात, जेसीओच्या (जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या) हुद्द्यावर. संध्याकाळी बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, त्यात साहेब लोक जवानांना वाढतात. हे झालं शांततेच्या ठिकाणचं.

आता जिथे बंदूक भरलेली असते तिथलं. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि 'ऑपरेशन पराक्रम'चा हुकूम आला, सगळी फौज सीमेवर. नाताळ आला तेव्हा आम्ही राजस्थानच्या वाळूत नुकतेच पोचलो होतो. दिवसभर मोर्चे खणायचे, सुरुंग पेरायचे. कुणाच्या डोक्यातही सण नव्हता. आमच्यात एक नायक होता मिझोरामचा, अबोल माणूस, लंगरमध्ये जाऊन हळूच विचारलं, दुधाची पावडर मिळेल का. लंगर कमांडर सोलापूरकडचा, त्याने विचारलं कशाला, आणि कळल्यावर मग तोच कामाला लागला. घासलेटचा रिकामा डबा आडवा कापला, घासून घासून आगीत भाजून वास घालवला, वाळूत खड्डा केला, खाली निखारे, वर पत्रा, पत्र्यावर परत निखारे. ग्लुकोज बिस्किटांचा चुरा, दूध पावडर, साखर, बडीशेप, आणि कुणाच्या तरी घरून आलेले मनुके. खालून करपला, मधे कच्चा राहिला, आणि सगळ्या सेक्शनने बोटं चाटून खाल्ला.

रात्री उजेड दाखवायचा नाही असा हुकूम. म्हणून त्याने मेणबत्ती बिस्किटाच्या रिकाम्या टिनात ठेवली, टिन मोर्च्याच्या तळाशी, वर ताडपत्री. आम्ही पाच-सहा जण खाली बसलो. तो त्याच्या भाषेत गायला, अगदी दबक्या आवाजात. मी माळकरी घरातला, एरंडोलकडचा, मी हात जोडून बसलो होतो. नंतर ड्युटीची वेळ झाली आणि तो उठून संत्रीला (पहाऱ्याला) गेला. सकाळी रोजच्यासारखं स्टँड टू, हत्यार घेऊन सगळे मोर्च्यात सज्ज.

तर माऊलींना सांगा, पोरगं एकटं नसतं. त्याचा सण कोणता हे त्याच्या सेक्शनला त्याच्याआधी माहीत असतं.

जिभाऊ_शिरपूर
आप्पा... वाचीसन डोयामा पानी उनं भो.

धुळ्याची_मंजू
आप्पा, तो लंगर कमांडर फार आवडला मला. आणि बडीशेप घातलेला केक मी करून बघणार आहे.

कपाशीवाला
विषय चांगला आहे पण एक विचारतो, राग नका मानू. आपल्या भागात नाताळ किती लोक करतात? दिवाळीला सीमेवर असलेल्या जवानांवर धागा काढला असता तर जास्त लोकांना जवळचा वाटला असता.

भुसावळ_जंक्शन
@कपाशीवाला, आमच्या भुसावळला येऊन बघा एकदा. रेल्वे कॉलनीत चर्चं आहेत, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची घरं होती, डिसेंबरात अख्खी कॉलनी चांदण्यांनी भरायची. आमच्या शेजारच्या आंटी दिवाळीला आमच्याकडे चकल्या पाडायला यायच्या आणि आई नाताळला त्यांच्याकडे कुलकुल वळायला. नवापूर, चिंचपाड्याकडे तर गावंच्या गावं आहेत. जवळचाच विषय आहे हा.

बाकी १९७१ चं घरात ऐकलेलं सांगतो. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, मिलिटरी स्पेशल गाड्या आमच्या जंक्शनवरून जायच्या. फलाटावर बायका पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि चहाच्या बादल्या घेऊन उभ्या असायच्या, त्यात कॉलनीतल्या आंट्यापण. १६ ला ढाक्यात शरणागती झाली, १७ ला पश्चिमेकडे युद्धबंदी, सगळ्यांना वाटलं आता पोरं आली घरी. कुठलं काय. पश्चिमेकडची पोरं मोर्च्यातच राहिली. शिमला करार जुलै १९७२ चा आणि फौजा मागे यायला डिसेंबर १९७२ उजाडला. म्हणजे १९७१ चा नाताळ तर गेलाच, दुसराही जवळजवळ तिकडेच. शेजारच्या आंटींचा मुलगा तोफखान्यात होता, त्याच्यासाठी करून ठेवलेला केक त्यांनी रममध्ये भिजवून डब्यात ठेवला होता म्हणे, तो आल्यावर कापायचा म्हणून. आला तो, सुखरूप. कापला केक.

कपाशीवाला
छान लिहिलंत. माझा प्रश्न मागे घेतो, धागा चालू द्या.

टोरांटोत_पारोळेकर
इकडे कॅनडात डिसेंबरात ओर्तोनाचं नाव निघतंच, ते सांगतो. इटली, १९४३. समुद्रकाठचं गाव, कॅनडियन आणि जर्मन पॅराशूट सैनिक घराघरातून, भिंती फोडून एका घरातून दुसऱ्यात घुसत लढत होते. आठवडाभर हेच. आणि २५ डिसेंबरला सीफोर्थ हायलँडर्स या कॅनडियन पलटणीच्या क्वार्टरमास्टरच्या (रसद बघणाऱ्याच्या) लोकांनी गावातल्याच एका चर्चमध्ये जेवण मांडलं. कुठून तरी पांढऱ्या चादरी, काचेचे ग्लास, ताटल्या जमवल्या. सूप, भाजलेलं डुकराचं मटण, सफरचंदाचा सॉस, बटाटे, फ्लॉवर, पुडिंग, संत्री, बियर. एकेक कंपनी लढाईतून मागे यायची, जेवायची, आणि परत जायची, मग पुढची कंपनी. एक अधिकारी चर्चचा ऑर्गन वाजवत होता, बाहेर मशीनगन. त्यातले काही जण जेवून गेले आणि त्याच दिवशी मारले गेले.

मला नेहमी त्या पहिल्या कंपनीचं वाटतं. आठवडाभर आंघोळ नाही, धुळीने माखलेले, डोळे लाल, आणि दारातून आत आले तर समोर पांढरी चादर घातलेलं टेबल.

आणि हो, त्याच वेळी शेजारच्या विला ग्रांदेला आपली आठवी हिंदी डिव्हिजन लढत होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण पण होती. त्यांच्या जेवणाबद्दल कुठे काही वाचायला मिळत नाही याची फार हळहळ वाटते. कॅनडियनांचा मेनू ८० वर्षांनीही पाठ आहे लोकांना, आणि आपल्या पोरांनी त्या पावसात काय खाल्लं, कुणी लिहूनच ठेवलं नाही.

सुभेदार_आप्पा
पारोळेकर, अगदी मनातलं बोललात. इंग्रजांच्या फौजेत अजून एक रीत आहे, नाताळच्या सकाळी अधिकारी स्वतः बराकीत जाऊन जवानांना रम घातलेला चहा अंथरुणात देतात. साहेबाने जवानाला वाढायचं हे आपल्या बडाखान्यातही आहे. रोज हुकूम देणारा हात त्या दिवशी वाढतो, याची किंमत बाहेरच्याला पटकन कळत नाही.

रोखठोक_चाळीसगाव
जेवणाचं ठीक. पण नाताळला कत्तलही तितकीच झालीये, ती कुणी सांगत नाही. हाँगकाँग १९४१. बरोबर २५ डिसेंबरला जपान्यांपुढे शरणागती. तिथे राजपूत आणि पंजाब रेजिमेंटची आपली माणसं होती, नाताळच्या संध्याकाळी कैदी झाली आणि पुढची जवळपास पावणेचार वर्षं छावणीत. बेल्जियममधल्या बास्तोनला १९४४ मध्ये अमेरिकन सैनिक जर्मनांच्या वेढ्यात अडकलेले, नाताळच्या आदल्या रात्री जर्मनांनी बॉम्ब टाकले, नाताळच्या पहाटे रणगाडे घेऊन हल्ला केला. सण बघून कुणी थांबत नाही.

अमळनेरचा_मास्तर
@रोखठोक, यात तुमच्याशी वाद नाही. उलट आपल्या माणसांचंच उदाहरण देतो. कुत-अल-अमारा, हल्लीच्या इराकमध्ये. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा. २४ डिसेंबरला त्यांनी नदीकाठच्या मातीच्या किल्ल्यावर तोफा लावून भिंती पाडल्या आणि रात्रीपर्यंत हल्ले केले. त्या किल्ल्यात १०३ मराठा लाइट इन्फंट्री होती, सोबत ११९ इन्फंट्री आणि ऑक्सफर्डशायरचे गोरे. भिंतीच्या भगदाडात समोरासमोर लढाई झाली आणि किल्ला पडला नाही. म्हणजे पॅरिश चर्चमध्ये घंटा वाजत होत्या त्या रात्री आपली कोकणातली देशावरची पोरं तिथे उभी होती. पुढे अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, हिंदी जवानांनी धर्मामुळे बरेच दिवस नाही म्हटलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. कैदेत फार माणसं मेली.

पण यातून सण निरर्थक ठरतो असं मला वाटत नाही. स्टालिनग्राडला १९४२ च्या नाताळात वेढ्यात अडकलेल्या जर्मन तुकडीतल्या एका डॉक्टरने, जो पाद्रीही होता, रशियन नकाशाच्या पाठीमागे कोळशाने बाळाला कुशीत घेतलेली आई काढली आणि भुयाराच्या भिंतीवर लावली. लोक रांगेने येऊन बघून गेले. तो डॉक्टर पुढे कैदेत मेला, चित्र शेवटच्या विमानांतून बाहेर पडलं, आज बर्लिनच्या चर्चमध्ये आहे. ते लोक आक्रमक होते, चुकीच्या बाजूने लढत होते, हे सगळं खरंच. तरी ज्या माणसाला उद्या आहे की नाही माहीत नाही त्याला आज कुठला दिवस आहे हे लक्षात ठेवावंसं वाटतं.

रोखठोक_चाळीसगाव
हे पटलं. कुतचं तर शाळेत शिकवायला हवं.

केळीबाग_रावेर
युक्रेनमध्ये आता काय असतं? तिकडे नाताळ जानेवारीत ना?

टोरांटोत_पारोळेकर
होता. २०२३ मध्ये त्यांनी कायदा करून सरकारी सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली, रशियाची तारीख नको म्हणून. त्याआधी जानेवारी २०२३ ला रशियाने ३६ तासांची युद्धबंदी जाहीर केली होती, पण तोफा चालूच राहिल्या. माझ्या ऑफिसमधली एक युक्रेनियन सहकारी सांगते, तिकडे नाताळच्या आदल्या रात्री कुट्या नावाचा गव्हाचा गोड पदार्थ करतात, मध आणि खसखस घालून. तिची आई तो डब्यात भरून पुढच्या मोर्च्यावरच्या भाच्याला पाठवते.

धुळ्याची_मंजू
म्हणजे आपली गव्हाची खीरच की.

जिभाऊ_शिरपूर
डिसेंबर शे, भरीतना सीझन शे, ताईना भाऊले भरीत-कळण्यानी भाकर भेटाले पाहिजे होती. मी स्वतः वांगा भाजीसन देस!

सुभेदार_आप्पा
जिभाऊ, भरीत पोचेपर्यंत त्याचं काय होईल ते लंगर कमांडरला विचारा 😄

ताई, पार्सलचं सांगतो. त्याच्या युनिटचा पत्ता, पुढे "द्वारा ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" (फौजेचं पोस्ट ऑफिस) जे असेल ते, गावाचं नाव टाकायचं नाही. पोस्टाने पाठवा, कुरियरवाले तिथे जात नाहीत. उंचावर शेवटचा टप्पा हवेवर अवलंबून असतो, हेलिकॉप्टर उडालं तर डाक वर, नाहीतर खालीच. म्हणून आत्ताच टाका. बर्फात ओलं काही पाठवू नका, संत्रंसुद्धा दगड होतं. शंकरपाळे, करंज्या कडक तळलेल्या, शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू हे चालतं. आणि थोडं जास्त पाठवा, कारण डबा एकाचा नसतो, उघडल्यावर पाच मिनिटांत संपतो.

धुळ्याची_मंजू
आणि आपले ज्वारीचे पापड, बिबडे! तिथे बुखारीवर (शेगडीवर) भाजता येतील.

सातपुड्याची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, तिला मराठी वाचता येत नाही, आमच्या मावची बोलीत सांगत गेले. टिनातल्या मेणबत्तीपाशी आले तेव्हा ती म्हणाली परत सांग. मग विचारलं की तो मिझोरामचा पोरगा घरी गेला ना नीट?

पार्सलमध्ये करंज्या, शंकरपाळे, चिक्की, बिबडे, आणि चर्चमधल्या पोरांनी कागदाची घडी होणारी चांदणी दिलीय. गाणी फोनवर रेकॉर्ड केली आहेत, नेटवर्क मिळेल तेव्हा जातील.

सुभेदार_आप्पा
गेला ताई, हवालदार होऊन निवृत्त झाला. दर २५ डिसेंबरला माझा फोन जातो त्याला. आईंना नमस्कार सांगा.

धुळ्याची_मंजू
मास्तर, एक विचारायचं होतं. आमच्या आजोळी सुपारी ठेवायची एक पितळी डबी आहे. झाकणावर एका बाईचा चेहरा, खाली इंग्रजीत ख्रिसमस १९१४, कडेला बेल्जियम, जपान, रशिया, फ्रान्स अशी नावं. खापरपणजोबा खेचरांच्या तुकडीत होते एवढंच घरात सांगतात. धागा वाचून आज आठवलं.

अमळनेरचा_मास्तर
मंजूताई, ती राजकन्या मेरीची भेट-डबी! राजाची मुलगी, वय १७, तिच्या नावाने निधी जमवून फ्रंटवरच्या प्रत्येकाला नाताळची भेट द्यायची ठरलं. साडेतीन लाखांवर डब्या १९१४ च्या नाताळपर्यंत पोचल्या, बाकीच्यांना मागाहून, काहींना युद्ध संपल्यावर. गोऱ्यांच्या डबीत तंबाखू-सिगारेटी. शिखांसाठी तंबाखू काढून खडीसाखर आणि मसाल्याची डबी. इतर हिंदी जवानांना सिगारेट, खडीसाखर, मसाले. कोणाला काय चालतं याचा विचार कुणीतरी केला होता.

खेचरवाले फ्रान्सलाही गेले होते आणि मेसोपोटेमियालाही, त्यामुळे खापरपणजोबा कुठे होते ते डबीवरून कळणार नाही. घरात जुनी कागदपत्रं, मेडल असेल तर बघा. मेडलच्या कडेवर नंबर, नाव आणि तुकडी कोरलेली असते. फोटो काढून इथे टाका, मिळून शोधू. आणि डबी चिंचेने घासू नका.

धुळ्याची_मंजू
रविवारी आजोळी जातेय. मामीला आत्ताच फोन केला, चिंच लावू नको म्हणून.